दुसऱ्यांचं ऐकून माझाच त्रास वाढला तर?

“ताई, माझंच मला झेपत नाहीये, त्यात आणखी सात जणांचं ऐकून मी काय करू? आणि बडोद्यात आपली मराठी माणसं ती केवढी! आज बोलले की उद्या दांडिया बाजारात सगळ्यांना ठाऊक.”

आघातानंतरच्या गटोपचाराचं, म्हणजे मनाला मोठा धक्का बसलेल्या काही जणांवर एकत्र बसवून करायच्या उपचाराचं, नाव काढलं की बहुतेक जण थोड्याफार फरकाने हेच म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांना इथे काकू म्हणते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकूंचं घर समा भागात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं त्या रात्री अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. वीज गेलेली, खाली कुणीतरी “मगर, मगर” म्हणून ओरडतंय. सासूबाई त्यातून वाचल्या, पण दिवाळीनंतर गेल्या. पुढच्या पावसाळ्यात काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा सोसायटीची टाकी भरून वाहायला लागली तरी त्यांचे हात गार पडत होते. गोदरेजच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत उशाशी. रात्री दोनदा-तीनदा उठून गटाराचं झाकण बघून यायच्या. घरचे म्हणत, “आता किती दिवस तेच?” असा त्रास महिना उलटून गेल्यावरही टिकला आणि रोजच्या जगण्याच्या आड यायला लागला, की तो आपोआप जाईल म्हणून थांबू नये.

काकूंच्या मनात गटाचं चित्र होतं ते असं: गोल बसायचं, एकेकाने आपली भयंकर रात्र सांगायची, बाकीच्यांनी रडायचं. दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच ‘मन मोकळं करा’ म्हणण्याचे प्रकार होतात खरे. त्यांनी पुढचा त्रास टळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करत नाही. मला तर ते भूल न देता टाके घालण्यासारखं वाटतं.

आमच्या गटात प्रसंगाचं साग्रसंगीत वर्णन करायचंच नसतं. त्या रात्रीमुळे आज झोपेचं, रागाचं, कामाचं काय होतंय, यावर बोलायचं. याला आधार आहे. व्हिएतनाम युद्धातल्या ३६० माजी सैनिकांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. काही गटांत युद्धातले प्रसंग पुन्हा उकलले, तर काहींत फक्त आजच्या अडचणींवर काम झालं. दोन्हींत सुधारणा साधारण सारखीच दिसली, मात्र प्रसंग उकलणाऱ्या गटांतून उपचार अर्धवट सोडणारे जास्त निघाले. आठवणींवर थेट काम करण्याच्या पद्धती उपयोगी नाहीत, असा याचा अर्थ नाही. वैयक्तिक सत्रांत त्या चांगल्या लागू पडतात, आणि आघातावर वैयक्तिक उपचारांचा पुरावा गटापेक्षा भक्कम आहे, हे मी कुणापासून लपवत नाही.

मग गट कशाला? तिसऱ्या बैठकीत एक रिक्षावाले भाई म्हणाले, आभाळ भरून आलं की मी रिक्षा पुलावर नेऊन उभी करतो, बायको वेडा म्हणते. काकू पटकन म्हणाल्या, “मी कपाटाचे खालचे कप्पे रिकामे ठेवलेत.” दोघं हसायलाच लागले. ‘मी एकटीच अशी नाही’ हे मी दहा वेळा सांगून जे पटलं नसतं, ते तिथे पटलं.

गटाआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं होतं. मनात आत्महत्येचे विचार असतील, दारू आवाक्याबाहेर असेल किंवा घरात मारहाण चालूच असेल, तर आधी ते बघायचं, गट नंतर. एकदा बैठका सुरू झाल्या की मध्येच नवा माणूस घेत नाही. बोलायचं नसेल तर हात वर केला की पुरे, कारण विचारायचं नाही. छाती धडधडायला लागली तर पाय फरशीवर घट्ट टेकवून समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

राहिला दांडिया बाजार. गुप्तता पाळायचं सगळ्यांकडून कबूल करून घेतो, पण लोकांच्या तोंडाची हमी कोण देणार? म्हणून कोण कुठल्या भागातलं, कुणाचं कुणाशी नातं, हे आधीच ताडून पाहते. काकूंना मी मुद्दाम गुजराती गटात घातलं. पुढे त्याच म्हणाल्या, “गुजरातीत बोलताना रडू कमी येतं, ताई.” सासूबाईंचा विषय निघाला तेव्हा मात्र मराठीच तोंडात आलं, आणि कुणी अडवलं नाही.

‘आपण न्यायला उशीर केला म्हणून त्या गेल्या’ हा सल गटात पूर्ण सुटला नाही. त्यासाठी नंतर स्वतंत्र सत्रं घेतली, ती अजून चालू आहेत. रात्रीच्या फेऱ्या आता एकीवर आल्यात. तीही बंद कर, असं मी म्हटलेलं नाही, पाऊस असेल तेव्हा झाकण बघणं शहाणपणाचंच आहे.

गटात जायचं की नाही हे ठरत नसेल, तर तिथल्या समुपदेशकाला आधी एकटं भेटायला मागा. अशी भेट न देता थेट गटात बसवणाऱ्याकडे जाऊ नका. रात्री-अपरात्री फारच घाबरायला झालं, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत नंबर आहे, त्यावर कधीही बोलता येतं.