रशियातलं याकुतिया हा वेगळा देश आहे का? तिथला कारभार कोण पाहतं?

नाही, वेगळा देश नाही. नावात 'प्रजासत्ताक' असल्यामुळे गोंधळ होतो. साखा (याकुतिया) हा रशियन संघराज्याचाच घटक आहे. स्वतःची राज्यघटना आहे, 'इल तुमेन' नावाचं विधिमंडळ आहे, आणि २०१८ पासून प्रमुखपदी आयसेन निकोलायेव आहेत. लष्कर, परराष्ट्र धोरण, चलन मात्र मॉस्कोकडे. जिल्ह्याला तिथे 'उलुस' म्हणतात.

क्षेत्रफळ सुमारे ३०.८ लाख चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या दहापट. लोकसंख्या जेमतेम १० लाख. निम्म्याहून अधिक साखा लोक, त्यांची भाषा तुर्की कुळातली. रशियनसोबत तीही राजभाषा आहे. एवेंकी, एवेन, युकागिर हे मूळ रहिवासी संख्येने थोडे, पण त्यांना विसरून याकुतिया समजत नाही.

राजधानी याकुत्स्क लेना नदीच्या डाव्या काठावर, रेल्वे मात्र उजव्या काठावर निझ्नी बेस्त्याखला संपते. पूल अजून बांधला जातोय. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता. खरी अडचण बर्फ धरताना आणि फुटताना: तेव्हा दोन्ही बंद. जमीन कायम गोठलेली, म्हणून इमारती खांबांवर उचललेल्या असतात. नाहीतर घराच्या उबेने खालचा बर्फ वितळून पाया खचतो.