कोऱ्या फॉर्मवरची सही आणि कागलची निस्सान

प्रश्न : वकीलसाहेब, माझं निपाणीत लेथचं वर्कशॉप आहे. कॉलेजपासून निस्सान ३००झेडएक्स ही स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात होतं. परदेशातून आणणं झेपणारं नाही, म्हणून इथेच शोधत होतो. कागलजवळ एका शेडमध्ये १९९१ ची एक मिळाली, एमएच ०९ पासिंगची. मालक दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांचा मुलगा विकतोय. माझ्या वर्कशॉपमध्येच त्याला दीड लाख रोख इसार दिला, पावती साध्या कागदावर आहे. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, वडिलांच्या सहीचे पण कोरे, त्याच्याकडे आहेत, शिवाय वडिलांनी नोटरी करून दिलेलं मुखत्यारपत्रही. तो म्हणतो, ‘तारीख आपण टाकू, बाकीचे पैसे दे आणि गाडी ने. पासिंग महाराष्ट्राचंच राहू दे, कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर कोण विचारतंय?’ त्याची आई हयात आहे, बहीण खानापूरला दिली आहे. आरसीचा फोटो जोडलाय. घेऊ का? आणि ही गाडी व्हिंटेजमध्ये बसेल का?

उत्तर : बाकीचा एक रुपयाही आत्ता देऊ नका, आणि त्या फॉर्मवर सही करू नका. गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांची तुमची हौस आहे, ती रीतसर पुरी व्हावी असंच मला वाटतं. पण हा व्यवहार आत्ता ज्या कागदांवर उभा आहे, ते तुम्हाला मालक करणार नाहीत. उलट आरोपी करतील.

मयत माणसाची सही खरी असली, तरी त्या फॉर्मवर मृत्यूनंतरची तारीख टाकली की तो खोटा दस्तऐवज होतो. भारतीय न्याय संहितेत असा दस्तऐवज बनवणं हा गुन्हा आहे, आणि खोटा आहे हे माहीत असून वापरणं हाही गुन्हा आहे. तुम्हाला ते माहीत आहे. म्हणजे पुढे ‘मी फसलो’ असं म्हणायची सोय राहत नाही. मुखत्यारपत्राचंही तसंच. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारा वारला की ते तिथेच संपतं, नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी.

आता गाडी कुणाची? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मयताची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा, आणि मयताची आई हयात असेल तर तिचाही. खानापूरच्या बहिणीला विचारल्याशिवाय भाऊ आख्खी गाडी विकू शकत नाही. उद्या भाऊबहिणीत शेतावरून वाद लागला, तर गाडीही त्यात ओढली जाईल. म्हणून आधी कोल्हापूर आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी मुलाच्या नावावर चढवायला सांगा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा, आई आणि बहिणीची संमतीची प्रतिज्ञापत्रं. बहिणीचं प्रतिज्ञापत्र खानापुरात नोटरीपुढे होईल, तिला कोल्हापूरला जायची गरज पडू नये. मुलगा ‘एवढी खटपट कशाला’ म्हणाला, तर बहिणीला हा व्यवहार माहीत आहे का, हे आधी विचारा.

तुम्ही पाठवलेल्या आरसीत मला खटकली ती दुसरीच गोष्ट. उत्पादनाचं साल १९९१ आणि नोंदणीची तारीख २००७ ची. मधली सोळा वर्षं गाडी कुठे होती? आपल्या आयात धोरणात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही, आणि २००७ सालीही हा नियम होता. मग सोळा वर्षं जुनी निस्सान देशात आली कशी?

याची सरळ उत्तरंही असू शकतात. नव्वदच्या दशकात ती दुसऱ्या राज्यात नोंदली गेली असेल आणि २००७ ला कोल्हापूरचा नंबर पडला असेल. तसं असेल तर जुना नंबर आणि तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आरटीओच्या फाइलमध्ये असलीच पाहिजे. किंवा सीमाशुल्क खात्याच्या लिलावात घेतलेली असेल, तर लिलावाचं पत्र असेल. दूतावासाची असेल, तर विकताना सीमाशुल्क भरल्याची पावती लागेल. यातलं काहीच नसेल, तर मात्र गाडीला हात लावू नका. शेत घेताना आपण चालू उताऱ्यावर थांबत नाही, मागचे फेरफार काढून बघतो. इथेही पहिल्या नोंदणीपर्यंत आणि शक्य तर ‘बिल ऑफ एंट्री’पर्यंत, म्हणजे आयात करताना सीमाशुल्क खात्यात भरलेल्या कागदापर्यंत, मागे जायचं.

एवढा आग्रह का, तर चोरट्या आयातीचा डाग गाडीला चिकटतो आणि मालक बदलल्याने तो जात नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली गाडी जप्त होऊ शकते, मग ती तिसऱ्या खरेदीदाराच्या दारात का उभी असेना. कलम १२५ खाली दंड भरून सोडवायची वाट आहे, पण आयातीला बंदी असलेल्या मालाच्या बाबतीत तो पर्याय देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी केरळात छापे घालून भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्या गाड्यांनाही भारतीय नंबर होते, आरसी होत्या. नुसती आरसी पुरत नाही ती अशी.

बॉनेट उघडून चासी नंबर स्वतः बघा. तुम्ही लोखंडातलं काम करणारे आहात, वेल्डिंग घासून वर रंग मारलेला तुमच्या नजरेतून सुटणार नाही. खुद्द जपानात विकल्या गेलेल्या गाडीवर सतरा अक्षरी नंबर नसतो. तिथल्या टर्बो ३००झेडएक्सवर दोन सीटची असेल तर ‘सीझेड३२’, मागे छोट्या सीट असतील तर ‘जीसीझेड३२’ अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात. वडिलांनी दुबईहून आणली असं मुलगा सांगत असेल आणि नंबर जपानच्या पद्धतीचा, स्टिअरिंग उजवीकडे असेल, तर त्या गोष्टीत काहीतरी जुळत नाही. तिथे गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या चालतात. स्टिअरिंग डावीकडे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इशारा देणारं ठरावीक उपकरण बसवल्याशिवाय ती रस्त्यावर चालवता येत नाही. इंजिनही आरसीशी ताडून बघा : या गाडीचं मूळ इंजिन २,९६० सीसीचं व्ही-सहा. आरसीत दुसराच आकडा असेल, तर ती आरसी दुसऱ्याच गाडीची असण्याची शक्यता मोठी. भंगारातल्या साध्या गाडीचे कागद आणि सुट्या भागांच्या नावाखाली आलेला सांगाडा एकत्र करून गाडी उभी करतात. अशी गाडी कितीही देखणी असली तरी तिला कायद्यात अस्तित्व नाही.

पासिंगचं म्हणाल, तर कोगनोळी नाक्यावर कुणी विचारणार नाही हे खरं. विचारलं जातं अपघातानंतर. कायद्याच्या नजरेत आरसीवर नाव असेल तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय. इथे तर नाव मयताचं आहे. पॉलिसी तुमच्या नावावर नसेल, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळेल. तेव्हा मुलाच्या नावावर आरसी झाली की त्याच्याकडून फॉर्म २८ वर कोल्हापूरची एनओसी घ्यायची. ती देण्याआधी आरटीओला पोलिसांकडून चोरीची नोंद नसल्याचा अहवाल मागवावा लागतो, तेही आपल्या फायद्याचंच. मग चिक्कोडी आरटीओत अर्ज, कर्नाटकचा आजीवन कर आणि केए २३ चा नंबर. जुन्या आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आधी.

खर्चाचा एक आकडा मनात धरा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ८०,००० रुपये आहे, कर वेगळे. नोंदणीची मुदत संपलेली असेल, तर ही रक्कम किमतीतून वजा करून मागा.

व्हिंटेजमध्ये ही गाडी बसत नाही. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पुरी लागतात. १९७० च्या आसपासची डॅटसन २४०झेड त्यात बसेल, १९९१ ची ३००झेडएक्स नाही. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढताही येत नाही. हा व्यवहार फिसकटला, तर निस्सान ३७०झेड किंवा मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन बघा. कंपन्यांनी त्या इथे अधिकृतपणे विकल्या आहेत. मनातली गाडी ती नव्हे, हे मला कळतं, पण त्यांचे कागद सरळ असतात.

इसाराच्या साध्या पावतीवर विसंबू नका. मुलाशी आत्ताच स्टॅम्प पेपरवर करार करा : तिन्ही वारसांच्या सह्या, चासी आणि इंजिन नंबर, आयातीचे कागद दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, एनओसी हातात आल्यावरच बाकीची रक्कम, ती बँकेतून, आणि ठरलेल्या मुदतीत हे झालं नाही तर इसार परत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, हेही त्याला सांगा. करार इंग्रजीत करा. मराठीतला चालतो, पण इकडच्या कचेरीत त्याचं भाषांतर मागतात आणि त्यात दिवस जातात.

करार करायला तो तयार नसेल, तर वकिलामार्फत नोटीस देऊन दीड लाख परत मागा. मालकी नसताना विकायला निघालेल्याला इसार जप्त करता येत नाही. पैसे निपाणीत दिलेत, म्हणून दावा निपाणीतच लावता येईल, कागलला खेटे घालावे लागणार नाहीत. मुदत तीन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. पावतीचे आणि त्याच्याशी झालेल्या व्हॉट्सॲप संभाषणाचे फोटो आजच काढून ठेवा. पैसे देताना वर्कशॉपमधला जो कामगार हजर होता, त्याचं नाव आणि ती तारीखही लिहून ठेवा.