निवृत्त खेळाडू माईकवर: वाचक विचारतात

मैदानातून निवृत्त होऊन समालोचनाच्या खुर्चीत बसलेल्या खेळाडूंबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतलेत. निव्वळ ‘अमक्याची सही कशी मिळेल’ अशी पत्रं बाजूला ठेवली, राग नसावा.

आमच्या घरात दर मॅचला वाद. वडिलांना गावसकर, मला रवी शास्त्री, धाकट्याला इयन बिशप. खरा चांगला विश्लेषक कोण, हे ठरवायचं कसं?
(एक वाचक, मिरज)

आधी एक घोळ निस्तरू. समालोचनाच्या बॉक्समध्ये दोन प्रकारच्या खुर्च्या असतात. एक जण चेंडू सांगतो, दुसरा त्यामागचं कारण सांगतो. शास्त्री मुळात पहिल्या खुर्चीचे. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीने कुलशेखराला षटकार मारला, तेव्हा विश्लेषणाची गरजच नव्हती. हवा होता तो गडगडणारा आवाज, आणि तो त्यांनी दिला. बिशप यांचं 2016 च्या ईडन गार्डन्सवरचं ‘रिमेम्बर द नेम’ हे गाजलेलं वाक्य, ब्रेथवेटने स्टोक्सला सलग चार षटकार मारले तेव्हाचं, तेही पहिल्या खुर्चीचंच. फरक इतकाच की बिशप दुसऱ्या खुर्चीतही तितकेच चालतात. वेगवान गोलंदाजाचं मनगट आणि चेंडूची शिवण यांवर त्यांच्याइतकं नेमकं बोलणारे थोडे. गावसकर दुसऱ्या खुर्चीचे. 125 कसोटी, 10,122 धावा; फलंदाजाचं डोकं कुठे झुकलं, पुढचा पाय कुठे पडला, हे रिप्ले यायच्या आत सांगतात. गप्पांच्या ओघात मात्र कधीकधी मधली दोन षटकं निसटतात.

पारख करायची तर वहीत तीन रकाने आखा आणि सलग पाच षटकं ऐका. पहिल्या रकान्यात, पडद्यावर दिसलं तेच सांगितलं. दुसऱ्यात, आपल्याला दिसलं नव्हतं ते सांगितलं. तिसऱ्यात, पुढे काय होणार ते चेंडू पडायच्या आधी सांगितलं. ‘142 किलोमीटरचा वेग’ हे पहिल्या रकान्यात, कारण आकडा कोपऱ्यात लिहिलेलाच असतो. ‘फाइन लेग आत आणलाय, डीप पॉइंट मागे गेलाय, म्हणजे ऑफ स्टंपबाहेर आखूड येणार’ हे तिसऱ्यात. तीस चेंडूंत तिसऱ्या रकान्यात दोन-तीन खुणा पडल्या तर माणूस उत्तम. एकही नसेल, तर तो आपल्यासोबत मॅच बघतोय इतकंच.

दुसरी खूण जास्त पक्की. तोच फटका सीमारेषेपलीकडे गेला की ‘काय धाडस’, आणि लाँगऑनच्या हातात गेला की ‘गरज नव्हती’, असं बोलणारा निकाल बघून बोलतो. फटका निवडणं बरोबर होतं का, हे चेंडूची टप्प्याची जागा, वारा आणि सीमारेषेची लांबी यांवर ठरतं; झेल घेतला गेला की नाही यावर नाही.

केवळ मोठा खेळाडू असून भागत नाही. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनो यांनी 1956 चा इंग्लंड दौरा संपल्यावर लंडनमध्ये थांबून बीबीसीचं प्रशिक्षण घेतलं, तेही खेळत असतानाच. चित्र बोलत असेल तेव्हा गप्प राहायचं, ही त्यांची ख्याती. आपल्याकडे बहुतेकांना हे अवघड जातं, कारण तिघं जण अर्ध्या तासाच्या पाळीला बसतात आणि शांतता पडली की प्रत्येकाला वाटतं, आपली पाळी वाया चालली.

हे लोक मंडळाविरुद्ध किंवा बड्या खेळाडूविरुद्ध स्पष्ट का बोलत नाहीत?
(एक वाचक, वाई)

पगार कोण देतं ते बघा. भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मूळ प्रक्षेपण बीसीसीआयच्या, म्हणजे भारतीय क्रिकेट मंडळाच्या, देखरेखीखाली होतं आणि त्यावरच्या समालोचकांची यादीही तिथेच ठरते. 2019 च्या विश्वचषकात संजय मांजरेकर रवींद्र जडेजाला ‘थोडं हे, थोडं ते’ करणारा खेळाडू म्हणाले. जडेजाने उपांत्य सामन्यात 59 चेंडूंत 77 धावा केल्या आणि मांजरेकरांनी आपला अंदाज चुकल्याचं मोकळेपणाने मान्य केलं. तरी मार्च 2020 मध्ये ते मंडळाच्या यादीतून बाहेर होते. दोन्हींचा थेट संबंध मंडळाने जाहीर केला नाही. पण बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला असणारच. मोकळं ऐकायचं असेल तर त्याच माणसाचा वर्तमानपत्रातला स्तंभ वाचा किंवा यूट्यूब वाहिनी लावा. रविचंद्रन अश्विन डावपेचांवर तिथे जितकं खोलात जातो, तितका वेळ टीव्हीवर कुणाला मिळतच नाही.

तज्ज्ञ म्हणतात ‘चेंडू स्टंपला लागतोय’, तरी पंचांचा नाबाद कायम. मग ते चित्र दाखवता कशाला?
(एक वाचक, सातारा)

चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंटीमीटर. पायचीतच्या रिव्ह्यूमध्ये मैदानावरचा नाबाद फिरवायचा तर चेंडूचा निम्म्याहून अधिक भाग स्टंपच्या पट्ट्यात यावा लागतो. त्याहून कमी भाग घासत असेल तर ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे पंचांनी जे दिलं ते कायम. रिव्ह्यू मात्र वाया जात नाही. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी मोजलेला असतो. पुढचा मार्ग हा गणिताने काढलेला अंदाज असतो. म्हणून ही सवलत.

इथे माजी खेळाडूचं काम असतं ते फलंदाज किती पुढे आला होता हे सांगण्याचं. पाय लांब टाकून खेळलेला असेल तर चेंडूला अजून बरंच अंतर जायचं असतं आणि अंदाजातली छोटी चूकही स्टंपपाशी मोठी होते. नुसतं ‘लाल, लाल, अंपायर्स कॉल’ असं पडद्यावरचं वाचून दाखवणारा पहिल्या रकान्यात टाका.

यात्रेतल्या कबड्डी स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतो. यंदा गावातला माजी राष्ट्रीय खेळाडू विश्लेषणाला बसणार आहे. गेल्या वर्षी आवाज घुमला, मधेच बंद पडलं. काय तयारी करावी?
(स्पर्धेच्या मंडळातले एक कार्यकर्ते, तासगाव)

घुमण्याचं कारण बहुधा हे: समालोचकाचा माईक मैदानातल्या स्पीकरलाही जोडलेला, आणि स्पीकरचा आवाज पुन्हा त्याच माईकमध्ये शिरतोय. प्रक्षेपणाचा मिक्सर वेगळा ठेवा, मंडपवाल्याच्या साऊंडशी त्याचा संबंध नको. दोन डायनॅमिक माईक घ्या. कानावरचे हेडसेट मिळाले तर उत्तम. माईक तोंडापासून 3 ते 5 सेंटीमीटरवर, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला फट्ट असा आवाज येत नाही. कंडेन्सर माईक आणू नका, तो अख्खी यात्रा आत ओढतो. तिसरा माईक गर्दी आणि शिट्टीसाठी लावा आणि त्याची पातळी बोलण्याच्या निम्म्याहून खाली ठेवा. प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधल्या मीटरवर नेहमीचं बोलणं उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये राहावं. सुपर टॅकलला (बचावात तीन किंवा कमी गडी असताना झालेली पकड) गडी ओरडला तरी शून्याला टेकता कामा नये. टेकला की आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबलं तर दोष अर्थिंगचा. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या. मंडपवाल्याकडून आवाज घ्यावाच लागला तर मधे डीआय बॉक्स टाका, म्हणजे दोन यंत्रणांमधला विजेचा जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी.

बंद पडलं ते इंटरनेटमुळे. 720पी चित्राला साधारण 4 एमबीपीएस अपलोड लागतो. हाताशी त्याच्या दुप्पट हवा. सकाळी रिकाम्या मैदानात स्पीड टेस्ट करून खूश होऊ नका. रात्री आठला यात्रेला आलेली माणसं त्याच टॉवरवर व्हिडिओ टाकत असतात. शेजारच्या घरातली फायबर लाईन घ्या आणि तिथून 100 मीटरच्या आत लॅन केबल ओढा. मध्यंतरात स्पीकरवर सिनेमाची गाणी लागली आणि ती प्रक्षेपणात गेली तर कॉपीराइटचा दावा येतो, आवाज कापला जातो, कधी अख्खं प्रक्षेपणच थांबतं. तेवढ्या वेळात गर्दीचा माईक बंद करा. हलगी वाजली तर खुशाल जाऊ द्या.

आता माणसाचं. बैठक मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूच्या रेषेपासून 4-5 मीटर मागे आणि निदान पाच फूट उंच. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे 1 मीटरवर. चढाईपटूचा पाय कोणत्या रेषेपलीकडे टेकला आणि मागचा हवेत होता का, हे बाजूनेच दिसतं. मागच्या टोकाला बसलेला माणूस प्रत्येक बोनसवर पंचांशी भांडणार.

चढाई 30 सेकंदांची. तेवढा वेळ फक्त मुख्य समालोचक बोलेल. शिट्टी झाली की तज्ज्ञ. पण समोरच्या संघाला 5 सेकंदांत गडी पाठवायचा असतो, म्हणून त्याच्या हातात एकच वाक्य असतं. एका चढाईला एक मुद्दा. ‘डाव्या कोपऱ्याने घोटा धरायची घाई केली, कव्हर अजून दोन पावलं लांब होता’, इतकं पुरे. साखळी कुठे तुटली हे सांगितलं की प्रेक्षक पुढच्या चढाईला तिथेच बघतो. लांबण टाइमआउटला आणि पाच मिनिटांच्या मध्यंतराला राखून ठेवा.

समोर एक कागद हवा: दोन्ही संघांचे बारा-बारा गडी, पाठीवरचा आकडा, कोण कुठल्या कोपऱ्यात, चढाईपटू कोणत्या बाजूने आत शिरतो. प्रत्येक संघापुढे रिकाम्या चढाईची खूण करत जा. दोन झाल्या की तिसरी डू ऑर डाय, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. हा नियम स्पर्धेत लावणार आहेत का, हे पंचांना आधीच विचारा. बचावात तीन किंवा कमी गडी उरले की पकडीला एक गुण जादा, ते चढाई सुरू व्हायच्या आत सांगायचं, नंतर नव्हे.

माजी खेळाडूंचे दोन दोष सगळीकडे सारखे. एक, ‘आमच्या वेळी मातीत’. दुसरा, ओळखीच्या गड्याला टोपणनावाने हाक मारणं. मुंबईत बसून बघणाऱ्या चाकरमान्याला ‘आपला बाळ्या’ म्हणजे कितवा नंबर ते कळत नाही. आकडा आणि आडनाव, एवढंच.

मातीतली कुस्ती कळते. ऑलिंपिकला टीव्हीवर माजी मल्ल ‘दोन’, ‘चार’ म्हणत राहतात, आणि गुण सारखे असून एक जण जिंकतो. हे काय गणित?
(एक वाचक, कराड)

फ्रीस्टाईलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे 30 सेकंद. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकललं की 1. एकेरी पट काढून मागे जाऊन ताबा घेतला की 2. खाली धरून भारंदाजावर फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला 2. उभ्यातून थेट पाठ मॅटकडे नेली की 4, आणि खूप उंचावरून फेकलं तर 5. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपली.

बरोबरी झाली तर आधी बघतात मोठ्या गुणांचा डाव कुणाचा. मग ताकीद कुणाला कमी. तरीही सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा, तो जिंकला. म्हणून 4-4 असताना ज्याच्या खात्यात एक ढाक (उभ्यातून पाठ मॅटकडे नेणारा, चार गुणांचा डाव) आहे तो, दोन पट काढणाऱ्याच्या पुढे. ढाक हा गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा हुकमी डाव, हे कराडकरांना सांगायला नको. 1952 मध्ये हेलसिंकीला मात्र दंडगुणांची पद्धत होती, त्यामुळे आजच्या हिशेबाने त्या कुस्त्या मोजता येत नाहीत.

टीव्हीवरच्या माजी मल्लाकडून ऐकायचं ते खडाखडीचं, म्हणजे उभ्याने चालणाऱ्या धरपकडीचं. कुणी मनगट धरलंय, कुणाचं डोकं खाली गेलंय, कोण मागे सरकतोय. जो नुसता बचाव करतो त्याला पंच ताकीद देऊन 30 सेकंदांचं घड्याळ लावतात. त्या वेळात ज्याला गुण मिळवता आला नाही, त्याचा 1 गुण समोरच्याला. ते घड्याळ लागायच्या आधीच ‘आता याला लागणार’ असं सांगणारा मल्ल जाणकार.

मुलगी क्रिकेट खेळते, स्मृती मानधनाची भक्त आहे. महिला क्रिकेटसाठी कोणाचं विश्लेषण ऐकायला सांगू?
(एक पालक, सांगली)

लिसा स्थळेकर. जन्म पुण्याचा, कारकीर्द ऑस्ट्रेलियाची. एकदिवसीय सामन्यांत 1,000 धावा आणि 100 बळी हे दोन्ही करणारी पहिली महिला. 2013 चा विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. फिरकी गोलंदाज असल्याने क्षेत्ररचना कशासाठी हलवली हे ती उत्तम सांगते. अंजुम चोप्रा डावखुरी सलामीची, म्हणजे स्मृतीच्या फलंदाजीसाठी कान तिच्याकडेच.

कोणाचंही ऐकताना एक तपासा. महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांचा 156 ते 163. सीमारेषाही जवळ. हे धरून बोलणारी व्यक्ती फिरकीचा वेग, हवेतला ठहराव, क्षेत्ररक्षकांच्या मधून काढलेला फटका यांवर बोलते. पुरुषांच्या वेगाशी तुलना करत बसणाऱ्याने गृहपाठ केलेला नाही.

जाता जाता, मराठी समालोचनाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. टीव्हीवर चित्र आणि मोबाईलवर मराठी आवाज हा मेळ जमत नाही, कारण मोबाईलचं प्रक्षेपण डिशच्या बरेच सेकंद मागे असतं. रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स असेल तर षटकाच्या पहिल्या चेंडूला चित्र थांबवा आणि मोबाईलवर तोच चेंडू आला की सुरू करा. जाहिरातींनंतर पुन्हा बिघडतं. त्यापेक्षा स्मार्ट टीव्हीवर तेच अ‍ॅप उघडून भाषेत मराठी निवडा. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरही बहुधा भाषेचं बटण असतं. आणि मराठी बॉक्समधले सगळे निवृत्तच असतात असं नाही: 2023 च्या आयपीएलमध्ये केदार जाधव समालोचन करत होता, मे महिन्यात बंगळुरूने जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला बोलावून घेतलं आणि माईक ठेवून तो खेळायला गेला.