हँडहेल्डवर तीन डिस्कचा प्लेस्टेशन १ गेम खेळताना दुसऱ्या डिस्कला आधीचा सेव्ह का सापडत नाही?

तिन्ही डिस्कची मिळून एक एम३यू प्लेलिस्ट (डिस्कच्या फाइलची यादी) बनवा आणि गेम कायम तिच्यावरूनच सुरू करा. रेट्रोआर्च या इम्युलेटर अ‍ॅपमधला पीसीएसएक्स रीआर्म्ड कोअर (प्लेस्टेशन १ चे गेम चालवणारा भाग) मेमरी कार्डाची फाइल उघडलेल्या फाइलच्या नावाने बनवतो. डिस्क २ वेगळी उघडली की कोरं कार्ड समोर येतं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीवर एक, अशी डिस्कच्या सीएचडी किंवा क्यू फाइलची नावं एक्स्टेंशनसकट लिहा (बिनची नकोत) आणि ती एम३यू म्हणून सेव्ह करा. गेमने डिस्क मागितली की क्विक मेनूत डिस्क कंट्रोल: इजेक्ट, क्रमांक बदला, इन्सर्ट. शेवटचं इन्सर्ट विसरू नका. जुनी प्रगती मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी आधीच्या एसआरएम फाइलला (म्हणजे मेमरी कार्डाच्या फाइलला) प्लेलिस्टचंच नाव द्या.