काटोलच्या दारात फुले पाठवताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सावकाश दोन वेळा वाचले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशी गेलेल्या मुलामुलींची फुले काटोल, नरखेड, कोंढाळी, मोवाड अशा शेतीच्या गावांत त्यांच्या आईवडिलांच्या दारापर्यंत पोहोचवायची, हे काम तू मनावर घेतले आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. नागपुरातल्या बर्डीच्या फूलबाजारात माझे सारे आयुष्य गेले. तिथे मी ज्या चुका केल्या त्या तुझ्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र लांबणार आहे; वेळ काढून वाच.

नागपुरात बांधलेला गुच्छ साठेक किलोमीटरवरच्या काटोलपर्यंत ताजा कसा न्यावा, असे तू विचारले आहेस. माझे म्हणणे असे, की आधी मनाने काटोलच्या त्या दारात जाऊन उभे राहावे आणि तिथून मागे मागे येत बाजारापर्यंत पोहोचावे. घरात माणूस केव्हा असते, फूल ठेवायला तिथे काय असते, त्या दिवशी त्या घरी आनंद आहे की दुखवटा, हे कळल्याखेरीज कोणते फूल घ्यायचे आणि कोणत्या गाडीने पाठवायचे हे ठरवताच येत नाही. मी एकदा हे सगळे उलट्या क्रमाने केले, आणि त्याची खंत आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीने आईच्या साठाव्या वाढदिवसाला गावी फुले पाठवायला सांगितली होती. नवतप्याचे दिवस होते, पारा ४५ अंशांच्या वर होता. मी लाल डच गुलाबाच्या दोन गड्ड्या सोडल्या, म्हणजे चाळीस फुले, देखणा गुच्छ बांधला, वरून चकचकीत पारदर्शक कागद घट्ट गुंडाळला आणि दुपारच्या गाडीने रवाना केला. त्या कागदाच्या आत हवा खेळत नाही, उन्हात फूल अक्षरशः वाफेवर शिजते, हे मला कळायला हवे होते. गुच्छ गावात पोहोचला तेव्हा घराला कुलूप होते, कारण सगळे वावरात गेलेले. तो संध्याकाळपर्यंत शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर पडून राहिला. चार-पाच दिवसांनी एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेलो असता मी त्या घरी डोकावलो. माउलींनी तो गुच्छ पितळेच्या तांब्यात घालून देवळीत ठेवला होता. पाकळ्यांच्या कडा काळ्या पडून आत वळल्या होत्या आणि सगळ्या फुलांच्या माना खाली गेल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "पोरीला मी सांगितले, फुले लई छान होती. तुम्ही तिला काही बोलू नका." नागपूरला परतल्यावर मी मुलीचे पैसे परत पाठवले आणि तिने कारण विचारले तेव्हा हिशेबात चूक झाली असे सांगितले.

त्यानंतर मी शिकलो ती गोष्ट फुलांच्या व्यापारात फार जुनी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील पंधरा फुलवाल्यांनी एकत्र येऊन असे ठरवले, की एका गावच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या गावी फुले पाठवायला सांगितली तर फुले न पाठवता तारेने फक्त मागणी कळवायची आणि त्या गावच्या फुलवाल्याने आपल्याकडची ताजी फुले नेऊन द्यायची. आपल्याकडे तार बंद झाली, मोबाइल आला, पण युक्ती तीच राहिली. तुझ्या कामाचा पाया हाच असावा असे मला वाटते. काटोलला देवळापाशी टोपली घेऊन बसणारी, सुईदोऱ्याने हार ओवणारी एखादी माळीण तुला नक्की भेटेल. तिच्याकडे झेंडू, शेवंती, निशिगंध, उन्हाळ्यात मोगरा ही जवळपासच्या वावरांतून पहाटे तोडलेली फुले असतात. नागपूरहून मी कितीही जपून पाठवलेले फूल तिच्या टोपलीतल्या फुलाच्या ताजेपणाला पुरणार नाही. शिवाय कोणते घर कोणत्या बोळात आहे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणत्या दोन भावांत बोलणे नाही, हे तिला ठाऊक असते. अशा तीन-चार गावांत तीन-चार माणसे जोडलीस तर तुझे निम्मे काम झाले. मात्र त्यांचे पैसे आगाऊ दे, आणि भाव करताना हात आखडता घेऊ नकोस. शहरातल्या दुकानदाराला आपण निमूटपणे जे देतो, ते टोपलीवाल्या बाईला देताना आपल्याला जड का वाटावे, हे मला कधीच समजलेले नाही.

ऋतूंचा विचार तू पत्रात केलेला दिसला नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने लिहितो. शेतकऱ्याचे घर दिवसा बहुधा रिकामे असते. मृगात पेरणीची धांदल, त्यानंतर निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि त्याच सुमारास आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेल्या संत्र्याची तोड. मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेले फळ त्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच फुले न्यावीत. पोळ्याच्या दिवशी घरातले लक्ष बैलांकडे असते. त्या दिवशी कोणी फुले पाठवा म्हणाले तर झेंडूच्या माळाच पाठवाव्यात, त्या बैलांच्या शिंगांनाही बांधता येतात आणि घरधन्याला त्याचा आनंद गुच्छापेक्षा अधिक होतो. आणखी एक गोष्ट अशी, की जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा संत्र्याच्या बागांमुळे सारा परिसर दरवळत असतो. अशा वेळी तिथे निशिगंध पाठवणे व्यर्थ आहे, त्याचा वास कोणाला जाणवणारही नाही; पिवळी-जांभळी शेवंती पाठवावी, रंग डोळ्यांत भरतो. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे गुच्छात संत्र्याची फुलेच घालण्याचा आग्रह धरला होता. मी नम्रपणे नकार दिला, कारण झाडावरच्या प्रत्येक फुलात शेतकरी फळ पाहतो आणि ते तोडून त्याच्याच दारात नेणे मला बरे वाटले नाही.

काही फुले नागपूरहूनच न्यावी लागतील. जरबेरा, लिली, ऑर्किड किंवा डच गुलाब हवाच असे काही जण सांगतात. त्यांच्यासाठी पहाटे संत्री घेऊन नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात आलेल्या आणि सकाळी रिकाम्या परतणाऱ्या गाड्या पाहा. वेळ थंड असते आणि चालक त्याच गावचा असतो. पण गाडी आधी धुऊन घ्यावी. पिकत्या आणि सडत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने फुले लवकर म्हातारी होतात. चांगले संत्रे त्या मानाने सौम्य असते, परंतु बुरशी लागलेले एखादे फळ कोपऱ्यात राहिले किंवा शेजारी पिकत्या आंब्यांची पेटी असली, तर कार्नेशन एका रात्रीत मिटून जाते. गुलाबाच्या दांडीचे टोक पाण्यात बुडवून तिरपे कापावे, म्हणजे दांडीत हवा शिरत नाही, आणि निघण्यापूर्वी दोन तास खोल पाण्यात उभे ठेवावे. मान लवलेला गुलाबही अशाने पुष्कळदा सावरतो. जरबेऱ्याचे उलट आहे. त्याची दांडी लवदार आणि आतून पोकळ असते, म्हणून ती दोन-तीन बोटे पाण्यातच ठेवावी, खोल पाण्यात ती कुजते. ऑर्किड मात्र फ्रिजमध्ये ठेवू नकोस, ते उष्ण मुलखातले फूल आहे, थंडीने काळे पडते. चकचकीत कागदाऐवजी ओले सुती फडके आणि त्यावर वर्तमानपत्र, एवढे पुरे.

दुखवट्याच्या फुलांविषयी तू काहीच विचारले नाहीस, पण पहिल्या वर्षातच तुला अशी मागणी येईल. दूर असलेल्या मुलाला मातीला पोहोचता येत नाही, तेव्हा तो फुले पाठवा म्हणतो, आणि त्याच्या आवाजावरून तुला कळते की त्याला नेमके काय करावे ते सुचत नाही. त्याला आपण सांभाळून घ्यायचे असते. अशा घरी रंगीत फितीचा गुच्छ कधीही नेऊ नये. तेरवीला फोटोसाठी पांढऱ्या शेवंतीचा किंवा निशिगंधाचा हार द्यावा. बौद्ध घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला प्रतिमेपुढे वाहण्यासाठी पांढरी सुटी फुले द्यावीत. मुस्लिम घरी कबरीवर वाहण्यासाठी गुलाबाची सुटी फुले लागतात. तरीही आधी त्या घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावे आणि मगच ठरवावे. हल्ली गिऱ्हाइकांना फुले दिल्याचा फोटो मोबाइलवर हवा असतो. वाढदिवसाला आईची परवानगी घेऊन तो काढावा, पण दुखवट्याच्या घरी मोबाइल खिशातच ठेवावा, मग पाठवणारा कितीही रागावो.

पत्त्याबाबत एवढेच सांगतो, की घर क्रमांकावर विसंबू नकोस. वडिलांचे नाव, गावात त्या घराला काय म्हणतात, जवळचे देऊळ किंवा गिरणी आणि घरातल्या दोन माणसांचे मोबाइल क्रमांक लिहून घे. दसरा-दिवाळीला झेंडूचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, म्हणून त्या मागण्या चार दिवस आधीच घेऊन बंद कराव्यात.

चिठ्ठी मात्र प्रत्येक वेळी हाताने आणि मराठीत लिहावी, पाठवणाऱ्याच्याच शब्दांत. त्याला फोनवर विचार, आई तुला घरी काय म्हणून हाक मारते? बहुतेक जण जरा थांबतात, मग हळूच सांगतात, बाळू, पिंटू, माई, ठमी असे काहीतरी, आणि त्यानंतरचे वाक्य आपोआप खरे येते. खाली तेच नाव लिहावे. अक्षर मोठे असावे, कारण वाचणाऱ्यांचे डोळे साठीच्या पुढचे असतात, आणि शाई पाण्याने पसरणारी नसावी. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी मुलाच्या अशा अकरा चिठ्ठ्या पोथीत जपून ठेवल्या आहेत. फुले कोणती होती हे त्यांना आठवत नाही.

येत्या गुरुवारी पहाटे पाच वाजता बर्डीला ये. बाजारात जरबेऱ्याची गड्डी हातात घेऊन दांडी कशी पाहायची आणि शिळा निशिगंध देठावरून कसा ओळखायचा, हे पत्रात लिहून कळणार नाही, ते दाखवतो. त्यानंतर काटोलची गाडी पकडू. देवळापाशी बसणाऱ्या माळिणीशी मी स्वतः तुझी ओळख करून देईन. येताना दोन बादल्या आणि जुने सुती धोतर आण.

तुझा,
काका
नागपूर