झेब्राफिशच्या अळ्या सुस्त दिसल्या तर

एखाद्या रसायनाचा परिणाम तपासताना, फलनानंतर पाचव्या दिवशी उजेड-अंधार चाचणीत (उजेड आणि अंधार आलटून-पालटून देऊन हालचाल मोजतात) झेब्राफिश या छोट्या माशाच्या अळ्या कमी हलल्या, की लगेच ‘मेंदूवर परिणाम’ असं लिहू नका. आधी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका अळीचा वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) बघा. तो फुगलेला नसेल, कणा वाकडा असेल किंवा हृदयाभोवती पाणी साचलं असेल, तर तिला वर्तनाच्या हिशेबातून काढा आणि विकृतींच्या नोंदीत घाला. ही पायरी घाईत गाळली, की सगळं वाया जातं.

बिस्फेनॉल-ए (प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं रसायन) डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असाल तर सगळ्या गटांत डीएमएसओ सारखंच ठेवा, ०.१ टक्क्याच्या आत; रसायन आणि डीएमएसओ दोन्ही नसलेला, नुसत्या माध्यमाचा (अळ्या ठेवतात त्या पाण्याचा) गटही हवाच. तापमान २८.५ अंश सेल्सिअस. एकाच जोडीची अंडी नकोत, नाहीतर भावंडांचे गुण रसायनाच्या माथी बसतात. रसायन न दिलेल्या नियंत्रण गटातच दहा टक्क्यांहून जास्त भ्रूण दगावले तर ती तुकडी सरळ रद्द करा.