फोरकास्ट : भाकणूक की अंदाज?

निपाणीच्या एका सरांनी विचारलंय : फोरकास्टला मराठीत भाकीत म्हणायचं की अंदाज? आणि त्याचा भूतकाळ फोरकास्ट की फोरकास्टेड?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. दोन्ही चालतात, पोरांना परीक्षेत फोरकास्टच लिहायला सांगा.

आता पहिलं. फोर म्हणजे आधी, कास्ट म्हणजे टाकणे, फेकणे. हा कास्ट नॉर्स लोकांच्या, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या 'कास्टा'वरून इंग्रजीत आला. पुढे त्याला हिशेब मांडणे, बेत आखणे असेही अर्थ चिकटले; कुंडली मांडायला इंग्रजीत आजही कास्टच लागतं. त्यामुळे फोरकास्ट म्हणजे मुळात आधीपासून बेत आखणे. हवापाण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

तो जोडला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे हे कप्तान. १८५९ च्या वादळात 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर फिट्झरॉय तारेनं ठिकठिकाणच्या नोंदी मागवून बंदरांना इशारे देऊ लागले, आणि १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या टाइम्समध्ये त्यांचा पहिला अंदाज छापून आला. ही भविष्यवाणी नव्हे, शास्त्र आणि गणित लावून काढलेलं मत आहे, म्हणूनच फोरकास्ट हा शब्द, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

हा फरक निपाणीकरांना काय सांगायचा? आप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत होते ती भाकणूक, म्हणजे देवाच्या नावानं सांगितलेलं भाकीत. पाऊस, पीक, राजकारण, सगळं तिच्यात येतं, आणि 'कशावरून?' असं तिला कुणी विचारत नाही. हवामान खात्याला मात्र ते विचारता येतं. म्हणून 'हवामान खात्याचं भाकीत' हा मथळा मला खटकतो.

अंदाज आणखी एका कारणानं चपखल. तो फारसी 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे या क्रियापदातला. तिरंदाज, गोलंदाज यांतला अंदाज तोच. दोन्ही भाषांना फेकण्यातूनच हा शब्द सुचावा, ही गंमतच. 'अंदाजपंचे दाहोदरसे'मुळे त्याचं वजन जरा घटलंय खरं, पण अंदाजपत्रकातले कोटींचे आकडे तोच पेलतो की!

कन्नडातही अंदाजु आहे, पण हवामानाला ते 'मुन्सूचने' म्हणतात. मुन् म्हणजे आधी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-कणकुंबीकडच्या ऑरेंज अलर्टला मला तो शब्द आपल्या अंदाजापेक्षा बरा वाटतो, कारण त्यात इशाराही येतो.